पायरीपुढची जागा

कोणी ‘सहज’ म्हटलं की बोरसे सरांच्या कपाळावर आठी पडायची. मी त्यांच्या प्राणिशास्त्र विभागात नवीन लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, ‘सर, सहज आले होते.’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘सहज कोणी कुठे जात नाही, तायडे मॅडम. पंखा माझ्या डोक्यावर आहे, म्हणून आलात.’ ते खरंच होतं. जूनचा उकाडा होता आणि अख्ख्या स्टाफरूममध्ये धड फिरणारा पंखा तेवढा एकच. मी लाजून परत निघाले, तर म्हणाले, ‘बसा. कारण खरं असलं की बसायला हरकत नाही.’

उंच, वाळकुडा माणूस. पायात बाराही महिने रबरी चपला, कारण कधी पाण्यात उतरावं लागेल याचा नेम नाही. स्कूटरच्या हुकाला भाजीच्या पिशवीच्या जागी एक लोखंडी चौकट टांगलेली असायची. भडगावच्या एका वेल्डरकडून सळई वाकवून करून घेतलेली, जेमतेम हातभर लांब, हातभर रुंद. पोरं त्यांना ‘चौकट सर’ म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं. खरं नाव सुपडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हे जन्मल्यावर आईनं सुपात घालून घेतलं होतं. हजेरीपटावर एस. टी. बोरसे, पण गावात सगळ्यांचे सुपडूच.

चौकटीचं काम तसं सोपं. माळावर गोगलगायी किती, मुंग्या किती, त्या कुठे दाट आणि कुठे विरळ, हे शोधायचं तर सगळा माळ काही कोणी मोजू शकत नाही. मग चौकट ठिकठिकाणी ठेवायची, आत सापडेल तो जीव मोजायचा आणि त्यावरून सगळ्या माळाचा अंदाज बांधायचा. गोम आहे ती चौकट ठेवायची कुठे, यात. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याला डोळे मिटून पाठीमागे फेकायला सांगतात. सरही पहिल्या तासाला तेच सांगायचे. पोरं फेकायची. मग सर सगळ्यांना मागे वळायला लावायचे. मैदान एवढं मोठं, पण चौकटी सगळ्या कडुनिंबाच्या सावलीत नाहीतर सावलीच्या आसपास. काटेरी कोपऱ्यात एकही नाही.

‘डोळे मिटले होते ना रे? मग सावली कोणी बघितली?’

पोरं हसायची. सर हसायचे नाहीत. खिशातून एक मळकी कापडी पिशवी काढायचे. तिच्यात हाऊजीच्या आकडे घातलेल्या सोंगट्या. सरांच्या बायकोला हाऊजीचा भारी नाद होता. ती गेल्यावर खेळ घरात पडून राहिला, तो सरांनी कामाला लावला. एक सोंगटी काढायची, तितकी पावलं लांब. दुसरी काढायची, तितकी पावलं आडवी. जिथं पोचाल तिथं चौकट. तिथं काटे असोत, उकिरडा असो, कोणाची म्हैस बसलेली असो. ‘माणसाचा हात लबाड असतो,’ ते म्हणायचे. ‘त्याला जे बघायचं नसतं, तिथं तो जात नाही.’

एकदा मुलांना घेऊन शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला गेलो होतो. आकडा निघाला आणि मोजत मोजत आम्ही एका घराच्या अंगणात पोचलो. पावलं संपली तिथं खाट, आणि खाटेवर एक म्हातारे आबा घोरत पडलेले. मी म्हटलं, ‘सर, दुसरी सोंगटी काढू या.’ सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आबांचं घर लुटायला सांगितलंय. आम्ही सगळे उन्हात ताटकळत उभे राहिलो. शेवटी आबा जागे झाले.

‘काय धुंडी राहिनात, सर?’

‘मुंग्या, आबा.’

‘मनी खाटखाले?’

‘आकडा तठेच पडना, आबा. काय करू?’

आबांना ते पटलं असावं. पोरांनी खाट उचलली, सरांनी चौकट ठेवली, माती खरवडली. मुंग्या होत्याच. त्यांच्या शेजारी, खाटेच्या पायाजवळच्या फटीत, हाताच्या बोटाएवढा काळा विंचू नांगी वर करून बसला होता. आबांनी बघितलं आणि मटकन खाली बसले. ‘बठ्ठी दुपार मी येना वर झोपेल व्हतू!’

परतीच्या गाडीत पोरं त्या आबांची नक्कल करून हसून हसून बेजार झाली. सर खिडकीशी बसले होते. मला म्हणाले, ‘दुसरी सोंगटी काढली असती ना, मॅडम, तर आपण लिहिलं असतं, या अंगणात विंचू नाही.’

असा हा माणूस. भरिताच्या पार्टीतसुद्धा पातेल्याच्या एकाच कडेचं भरीत वाढून घेतलं की ‘तिखट नाही’ असं म्हणायचा अधिकार तुम्हाला मिळायचा नाही. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचे. ते करू द्यायचे. पण गिरणा नदीचा विषय निघाला की ती टिंगल माझ्या तोंडातून निघत नसे.

सरांचं गाव भडगावच्या पुढे, गिरणेच्या काठावर. दरवर्षी होळी झाली, पाणी उतरलं की ते नदीत दोरी ताणायचे. गावाच्या वरच्या अंगाला नदी वळते, तिथपासून काठाकाठानं खाली. वळणानंतर काही अंतरावर गावाची दगडी पायरी, आणि पायरीच्या खाली मोटार रस्त्याचा पूल. सोंगटी निघेल त्या अंतरावर, गुडघाभर पाण्यात चौकट ठेवायची आणि हातानं तळ चाचपायचा. शोधायचं काय, तर शिंपले. नदीच्या तळात अर्धे रुतून बसणारे, काळपट पाठीचे जिवंत शिंपले.

‘शिंपल्याला घाई नसते,’ सर सांगायचे. ‘जिथं तळ घट्ट आहे, वर्षानुवर्षं हललेला नाही, तिथंच तो घर करतो. तो आहे म्हणजे खालची जमीन खात्रीची.’

चौकटीत शिंपले सापडले की तितकी बोटं वर करायची, कारण वरच्या वळणावर वाळूचे ट्रॅक्टर घरघरत असायचे आणि काठावरच्याला ओरडलेलं ऐकू येत नसे. काहीच नसेल तर पाचही बोटं पसरून उघडा पंजा वर धरायचा. पाच किंवा जास्त सापडले तर दोन्ही हात. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले त्या वर्षी उघडा पंजा वळणापाशी दिसला, आणि तिथून खाली आल्यावर बोटंच बोटं. पुढच्या वर्षी पंजे जास्त, आणि ते खाली सरकलेले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी खाली.

मी म्हटलं, ‘पण सर, तळ तर सपाट दिसतोय. खड्डे भरलेत.’

‘भरलेत ना,’ ते म्हणाले. ‘उन्हाळ्यात वाळू काढतात, खड्डा पडतो. पावसाळ्यात पूर येतो आणि खड्ड्यात गाळ आणून टाकतो. वरून नदी होती तशी. सगळ्यांना वाटतं, नदीनं आपलं आपण बरं केलं. शिंपला फसत नाही.’

त्यांनी हातातली काठी त्या सपाट तळात टेकवली आणि नुसती सोडून दिली. ती हळूहळू, कोणी खालून ओढावी तशी, खाली जाऊ लागली. 

हे सगळं पाहत असताना एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. पायरीच्या समोरचा आकडा निघाला की सर सोंगटी परत पिशवीत टाकायचे. खिशातला रुमाल सारखा करावा तसं. दुसरी काढायचे. मला आधी वाटलं, नजरचूक. मग दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. वळणापासून पुलापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात तो एवढा एक तुकडा, बैलगाडी वळेल इतका, त्यांनी कधीच चौकटीत घेतला नव्हता.

मी विचारलं. तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. ‘ती कानबाईची जागा आहे. तुम्हाला नाही कळायचं.’

आमच्या घरी कानबाई नसते. आम्ही बौद्ध, आणि मी वाढले भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. पण खानदेशात राहून कानबाई कोणाला ठाऊक नाही? श्रावणात रविवारी ही देवी घरोघर बसते, रात्रभर गाणी होतात, आणि सोमवारी सकाळी बायका पाट डोक्यावर घेऊन तिला वाजतगाजत नदीवर नेतात. त्या गावात तिला पाण्यात न्यायची जागा तीच, दगडी पायरीच्या पुढची. बायका पायरी उतरून मांडीइतक्या पाण्यात जायच्या, पोरीबाळी मागोमाग. बोरशांच्या घरची कानबाई सरांच्या अक्काच्या डोक्यावर असायची.

अक्का म्हणजे थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा सर चड्डीत होते. सासू लवकर गेली, आणि सुपातून उचललेलं ते पोर हिनं वाढवलं. ठेंगणी, सावळी, आवाज असा की नदीच्या पल्याड ऐकू जावा. सरांनी पहिल्या वर्षी पायरीपाशी चौकट काढली तेव्हा तिनं काठावरूनच हाक दिली होती: ‘सुपडू, तठे लोखंड नको टाकू. मायनी जागा शे ती.’ आणि सरांनी, ज्यांनी पुढे आबांच्या खाटेखालीही चौकट सारली, त्यांनी मुकाट्यानं ती उचलून घेतली होती.

एका उन्हाळ्यात वरच्या अंगाला एक म्हैस गेली. रोजच्या जागी पाण्यात उतरली आणि बसलीच. लोक धावले, दोर टाकले, पण तिनं जितके हातपाय झाडले तितकी ती खाली गेली. शेवटी फक्त शिंगं दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली. त्या ठिकाणी सरांचा पंजा दोन वर्षांपूर्वीच वर झाला होता. सरांनी गावात सांगितलं, तालुक्याला जाऊन सांगितलं. ‘म्हैस म्हातारी होती, सर,’ असं उत्तर मिळालं. कोणी म्हणालं, ‘आता पूर येईल, भरून निघेल.’

त्या वर्षी पायरीच्या वरच्या बाजूला शेवटपर्यंत पंजे आले. नंतर आम्ही पायरी सोडून खाली उतरलो. तिथल्या पहिल्याच चौकटीत सरांनी हात घातला, बराच वेळ चाचपत राहिले आणि मग पंजा वर केला. मधे तो सोडलेला तुकडा, श्रावणात पन्नासएक बायका जिथं उतरणार होत्या तो.

मी म्हटलं, ‘सर, लोखंडाची अडचण असेल तर बांबूची चौकट करू. काठीनं बघू. काहीही करू.’

ते पायरीवर बसले होते. ओल्या पायजम्यातून पाणी निथळत होतं. ‘लोखंडाची अडचण नाही हो,’ ते म्हणाले. ‘अक्का एकदा बोलली आणि मला बरंच झालं. मला बघायचंच नाहीये. तिथं काही नाही निघालं, तर मी अक्काला काय सांगू? जन्मभर तिनं माझ्यासाठी तिथं पदर पसरला.’

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘मला बघायचं नाही’ असं मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. पोरांना काट्यांत पाठवणारा हा माणूस स्वतःच्या पायरीपाशी येऊन सावलीत बसला होता.

त्यांनी अक्काला सांगून पाहिलं, यंदा कानबाई दुसरीकडे ने म्हणून. ती हसली. ‘माय का मारी आपले?’ एवढंच म्हणाली आणि गहू निवडत राहिली.

त्या श्रावणात सरांनी मला कानबाईला बोलावलं. रविवारी मी त्यांच्या घरी होते. प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, तेव्हा ते मला मिळाले नाहीत. अक्कानं खीर मात्र दोनदा वाढली आणि ‘बाई, लाजू नको’ म्हणून तिसऱ्यांदा वाढायला आली. सर जेवले नाहीत. सोमवारी सकाळी उठून बघते तर ते घरात नव्हते, आणि स्कूटरच्या हुकाला चौकट नव्हती.

मिरवणूक निघाली. पुढे वाजंत्री, मागे डोक्यावर पाट घेतलेल्या बायका, सगळ्यांत पुढे अक्का. पोरी फुगड्या घालत चाललेल्या. नदी दिसली तशी गाणी चढली. पाणी गढूळ होतं, पण संथ, पायरीला हलकेच लागत होतं. तळ दिसत नव्हता. आणि शेवटच्या पायरीवर, सगळ्यांची वाट अडवून, बोरसे सर उभे होते. हातात चौकट, चौकटीला दोरी.

वाजंत्री आधी थांबली, मग गाणं थांबलं.

‘सुपडू, बाजू व्हय,’ अक्का म्हणाली.

‘अक्का, एकदाव टाकू दे माले. शिंपली निंघनी ते मी तुना पुढे चालसू.’

मागून कोणी तरी शिवी हासडली. कोणी म्हणालं, सर, आजच्या दिवशी तरी. सरांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं, ते फक्त तिच्याकडे बघत होते. डोक्यावरचा पाट तिनं एका हातानं धरला होता. ती ‘टाक’ म्हणाली नाही. पण ‘नको’ही म्हणाली नाही.

त्या दिवशी सोंगटी नव्हती. सरांनी चौकट स्वतःच्या हातानं, स्वतः ठरवलेल्या जागी, पायरीच्या अगदी पुढ्यात सोडली. दोरी सरसर गेली आणि थांबली. मला हायसं वाटलं. मग ती पुन्हा सरकू लागली. हळूहळू, त्यांच्या मुठीतून, एकेक वीत.  मागे एक लहान मुलगी ‘चला ना’ म्हणत होती, तिला आईनं दंडाला धरून मागे ओढलं.

सर पायरीवर पालथे झाले आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ चाचपला. हात बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा गाळ होता. त्यांनी तो तसाच वर केला, पाचही बोटं पसरून.

मग चौकट ओढायला गेले, तर येईना. आणखी दोघं पुढे आले, तिघांनी मिळून ओढलं. गाळानं ती अशी धरून ठेवली होती की दोरीच तुटली आणि तिघंही मागच्या पायरीवर आदळले. पाण्यावर दोन बुडबुडे आले. नंतर नदी पुन्हा होती तशी.

अक्कानं पाट खाली उतरवला. वरच्या कोरड्या पायरीवर बसली, तांब्यानं पाणी घेतलं आणि कानबाईला तिथंच न्हाऊ घातलं. मागच्या बायका एकेक करून तिच्या शेजारी बसल्या. गाणं कोणी म्हटलं नाही. उठताना ती सरांपाशी थांबली. ‘मायनी राखी लिधी तुनी चौकट,’ म्हणाली. आईनं चौकट ठेवून घेतली, हे ती रागानं बोलली की मायेनं, ते मला आजही सांगता येणार नाही. सर उभे होते आणि लहान मुलासारखे रडत होते.

यानंतर नदी वाचली असती तर सांगायला बरं वाटलं असतं. पावसाळा सरताच वळणावरचे ट्रॅक्टर परत आले. पुढं सर निवृत्त झाले, मी धुळ्याच्या कॉलेजात गेले. फोनवर बोलणं व्हायचं. मी म्हणायचे, ‘काय सर, सहज फोन केला.’ ते पूर्वीसारखं खरं कारण विचारायचे नाहीत. ‘खाली सरकलंय,’ एवढं म्हणायचे आणि अक्काच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागायचे.

परवा धुळ्याहून एस. टी.नं भडगावकडे चालले होते. सरांच्या गावाच्या पायरीखालच्या त्या पुलावर आलो, तर समोरून वाळूचा भरलेला डंपर. पूल अरुंद, म्हणून आमचा ड्रायव्हर मधेच थांबला. डंपर शेजारून गेला तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि पायाखालीही काही तरी थरथरल्यासारखं वाटलं. मी खाली बघितलं.

पुलाच्या खांबापाशी, गुडघाभर पाण्यात, सर वाकलेले होते. आणखी वाळलेले, केस पांढरेशुभ्र. हातात नवी चौकट. तिची दोरी काठापर्यंत गेलेली, आणि काठावर छत्री डोक्याशी धरून अक्का बसली होती. दोरीचं टोक तिनं मनगटाला दोन वेढे देऊन मुठीत घट्ट आवळलं होतं. ती पाण्याकडे बघत नव्हती, सुपडूकडे बघत होती.

सरांनी खांबाच्या बुडाशी हात घातला. मी मनातल्या मनात म्हणत राहिले, एक तरी बोट. एक तरी. ते सावकाश सरळ झाले, अक्काकडे वळले आणि उघडा पंजा वर केला.

शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘कोणी वळखीनं शे का, बाई?’

मी हो म्हटलं. खाली सरांनी चौकट उचलली आणि पुढच्या खांबाकडे चालू लागले. आमची बस अजून पुलाच्या मध्यावरच होती.